आक्का, होळीची ती पोळी

आक्का, काल तुमचा तेरावा झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे आणि काल तुमच्या ओट्यावर सगळे तसंच बोलत होते. बांधावरून तुमच्याशी जन्मभर भांडलेले नेरे गावचे ते चुलतदीरसुद्धा "माऊली हुती, माऊली" म्हणत डोळे पुसत होते. मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं, कोरडे होते. मी स्वतः गप्प बसले. तुमचं नि माझं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट भांडणात एकाने गोड बोलायला सुरुवात केली की दुसरा जिंकतो. तुम्ही जिंकलेलं मला अजून चालणार नाही.

आपली ओळखच संशयातून झाली. ह्यांना हिंजवडीत एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून आम्ही लातूर सोडून आलो आणि जवळच्या जांबे गावात तुमच्या भातखाचरावर नव्या बांधलेल्या खोल्या बघायला आलो. तुम्ही ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. आधी ह्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, मग आमच्या ऋतूकडे.

"तिघंच हाय न्हवं? का आजून कोन मागनं येतंय गावाकडनं?"

मी म्हटलं, "तिघंच. आणि पाणी रोज येतं ना? का खोली दाखवायच्या दिवशीच?"

अडकित्ता थांबला. तुम्ही आत तोंड करून सुनेला म्हणालात, "सुरेखे, लातूरवाली खमकी हाय गं. कोपऱ्यातली खोली दाखव हिला." त्या दिवसापासून मी तुमची लातूरवाली झाले. भाजीवाल्याचा काटा, गॅसची टाकी, शाळेतल्या बाईंचं कौतुक, मला कशावरच पटकन विश्वास ठेवता येत नाही. तुमचा तर पेपरात छापून आलेल्या पावसावरही नव्हता. खाचरात जाऊन ओली माती बोटाने उकरून बघितल्याशिवाय पाऊस झाला हे तुम्ही मान्य करत नसायचात.

ऋतू तेव्हा आठवीत होती आणि चौथीतली दिसायची. हातापायाच्या काड्या, पोट मात्र तट्ट फुगलेलं. तोंडात सदा फोड, कंगव्यात केसांचे पुंजके. कोणी जंतांचं औषध दिलं, कोणी टीबीचा संशय घेतला, कोणी लोहाच्या बाटल्या लिहून दिल्या. माझ्या आईने लातूरहून मंतरलेला दोरा पाठवला. तुम्ही मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्यात आणि तडतडल्या नाहीत म्हणून चुलीलाच शिव्या दिल्यात. शेवटी पुण्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून आतड्याचा एवढासा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हा सिलियाक नावाचा आजार आहे. गव्हातला जो चिकटपणा असतो ना, त्याला हिचं आतडं शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच झिजतं. मला ते ऐकून रडू यायच्या आधी एक विचित्र गोष्ट वाटली. वाटलं, आमच्या घराला शोभेल असंच आतडं आहे हे, संशयी.

औषध काही नाही, म्हणाल्या. गहू बंद, जन्मभर. रवा, मैदा, शेवया, बिस्किटं, पाव, जव, बांधणीचा हिंगसुद्धा, कारण त्यातही कणीक असते. मग त्यांनी ऋतूला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, "वाढीची थोडीच वर्षं हातात आहेत. आतडं आता भरून आलं तर मुलगी उंची धरेल, अंग धरेल. नाहीतर अशीच राहील." 'अशीच राहील' हे शब्द घेऊन मी बसमधून घरी आले. चांदणी चौकापर्यंत ऋतू खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

घरी आल्यावर मी गव्हाचा डबा उचलून तुमच्या ओट्यावर आणून ठेवला. तुम्ही आधी मला आजारी ठरवलंत.

"गव्हानं कुटं मानूस आजारी पडतंय व्हय? आमाला सनासुदीला मिळायचा गहू. पोळीचं नुसतं नाव काढलं की पोरं नाचायची. आन ह्यो डाक्टर म्हनतोय त्योच इख हाय?"

"डॉक्टरीणबाई आहेत."

"मंग तिचं काय खरं धरतीस? तिला सयपाक तरी येतोय का इचारलंस?"

तुम्हाला वाटायचं मी पोरीला उपाशी मारते. मला वाटायचं तुम्ही तिला चोरून खायला घालणार. आपण दोघी एकमेकींना पाण्यात बघायला लागलो आणि मधल्या मध्ये ऋतू. मी घराची पोलीसचौकी केली. दप्तर झाडून बघायचे, शाळेतून आली की हाताचा वास घ्यायचे, मैत्रिणींच्या आयांना गाठून डब्यात काय होतं ते विचारायचे. पोरगी एकदा म्हणाली, "आई, आजार मला आहे का तुला?" मी तिला गप्प केलं.

मग ती होळी आली. जांब्यात दुपारपासून घराघरातून पुरणाचा वास सुटलेला. आमच्याकडे मी तांदळाच्या उकडीत पुरण भरून काहीतरी केलं होतं, ते तव्यावर फुटलं. ऋतू तुमच्याकडे गेली आणि तासाभराने परत आली ती तोंड धुऊन. आक्का, होळीच्या दुपारी कुठलं पोर आपणहून तोंड धुतं? मी तिची बोटं हुंगली. साबणाच्या खाली तूप होतं आणि तुपाच्या खाली वेलदोडा. त्या संध्याकाळपासून तिला उलट्या आणि जुलाब लागले ते थांबेचनात. तुम्ही दाराशी आलात तर मी जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतून विचारलं, "आक्का, तुम्ही दिलीत ना पोळी?"

तुम्ही जाळीपलीकडे पदर तोंडाशी धरून उभ्या होता. म्हणालात, "तुज्या पोरीला इचार."

पोरीला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आक्कांना विचार."

झालं. तेव्हापासून हा प्रश्न तसाच दोन घरांच्या मध्ये पडून राहिला. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मी वर्षानुवर्षं आडून आडून विचारून बघितलं. एकदा तुम्ही तापाने फणफणला होता तेव्हासुद्धा, तापात माणूस खरं बोलतं म्हणून. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "लातूरवाले, मेल्यावर सांगीन."

पावसाळ्यात ऋतूच्या रक्ताची पुन्हा तपासणी झाली आणि आकडा होता तिथेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठून तरी गहू पोटात जातोय. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि कुठे मुरतंय ते मला पक्कं माहीत होतं! अभ्यास झाला की ऋतू रोज तुमच्या मागच्या पडवीत जायची, तुम्ही दार लोटून घ्यायचात, आणि परत आली की तिच्या केसांत, कानामागे पांढरं पीठ असायचं. एक दिवस मी चपला काढून, पावलं न वाजवता, मागून आले आणि दार ढकललं.

तुम्ही दोघी परातीपुढे बसला होता. ऋतूच्या हाताखाली फाटलेली, वेडीवाकडी भाकरी. चुलीशेजारी तशाच फाटक्या भाकऱ्यांची चळत. तांदळाची उकड कशी काढायची, गरम गोळा हाताला पाणी लावून कसा मळायचा आणि कडेने कडेने थापत कसा वाढवायचा, ते तुम्ही तिला शिकवत होता. तुम्हाला माझ्या येण्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. परात माझ्याकडे सरकवून म्हणालात, "तांदळाचं हाय. चाखून बघ."

आणि आक्का, मी खरंच बोट लावून चाखलं.

ऋतू उठली. तिचे पिठाने माखलेले हात तसेच लोंबत होते. "मला माझं माझं करून खाता यायला पाहिजे ना, आई? तू काय जन्मभर पुरणार आहेस का? एक सबंध भाकरी जमली की तुला आणून दाखवणार होते." एवढं बोलून ती रडत घरी गेली आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तुम्ही मात्र राहिलेला गोळा थापायला घेतलात. "कशी गं बाई तू," एवढंच म्हणालात. शिव्या दिल्या असत्यात तर मला बरं वाटलं असतं.

मग गहू येत होता कुठून? ते सापडलं तेही माझ्या संशयानेच, हे मी तुम्हाला ऐकवलं होतं आणि आताही ऐकवते. माझी कितीतरी दिवसांची समजूत होती की गिरणीवाला आमचं पीठ काढून ठेवतो. आपण डबा ठेवून येतो, तो मागून दळून ठेवतो. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. म्हणून त्या दिवशी मी डोळ्यात तेल घालून गिरणीत उभी राहिले. माझ्या आधी एका खानावळीचं गव्हाचं पोतं दळून झालं होतं. गिरणीवाल्याने लगेच माझी ज्वारी वर ओतली. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी त्याने काठीने थडाथडा झोडली आणि आत राहिलेली खानावळीची पांढरीशुभ्र कणीक भसकन माझ्या डब्यात आली.

मी ओरडलेच. तो बिचारा म्हणाला, "ताई, तुमचं काय बी गेलं न्हाई. उलट जास्तच आलं की!"

पीठ कमी येतंय असा माझा वहीम, आणि येत होतं जास्त. एवढे दिवस मी पोरीची बोटं हुंगत होते आणि माझ्याच हातच्या भाकरीतून तिला रोज गहू घालत होते. तुमचं तांदळाचं पीठही त्याच गिरणीतलं, म्हणजे तुमच्या परातीतही तोच. मी धावत येऊन तुम्हाला हे सांगितलं तेव्हा आपण दोघी ओट्यावर बसून आधी गिरणीवाल्याला आणि मग एकमेकींना नावं ठेवली. तुमच्याशी तितकं मोकळं मी त्याआधी कधीच बोलले नव्हते.

मी गिरणीवाल्याला आजार समजावून सांगायला गेले. सिलियाक म्हटलं, आतडं म्हटलं. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तुम्ही गेलात. काय सांगितलंत कोण जाणे, चतुर्थी-एकादशीच्या आदल्या दिवशी त्याने गिरणी झाडून पुसून घेतली, उपवासाच्या वरईच्याही आधी ऋतूचं धान्य दळलं, आणि डब्याला वरून स्वच्छ फडकं बांधून दिलं. मला साहजिकच शंका आली.

"काय सांगितलंत त्याला?"

"देवाचं पीठ हाय म्हनलं. पोरीनं गहू सोडलाय देवाला."

"आक्का! खोटं कशाला? आजार आहे तर आजार सांगायचा."

"आजार म्हनलं की लोक नाक मुरडत्यात. देवाचं म्हनलं की हात धुत्यात. तुला धुतलेलं हात पायजेत का तुजं खरं पायजे?"

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं तुम्ही तेव्हा तोंडावर म्हणालात मला. तुमच्या देवाच्या पिठामुळे पुढे काय काय झालं आठवतंय? तुमच्या खोल्यांतली एक बाई आपलं तापलेलं बाळ घेऊन आली, व्रताच्या पोरीने डोक्यावर हात ठेवावा म्हणून. ऋतू खो खो हसत सुटली आणि मग तिने हात ठेवला. मी रात्रंदिवस धसका घेऊन होते, उद्या हिचं लग्न ठरवताना कोण काय म्हणेल. पण गिरणी दर पंधरवड्याला पुसली जात राहिली आणि ऋतूचा आकडा उतरायला लागला. मी तो कागद दोन वेगळ्या लॅबमधून तपासून घेतला, तुम्ही म्हणालात, "तिसरीकडं बी इचार." शाळेच्या फ्रॉकची दुमड वर्षात दोनदा सोडावी लागली तेव्हा कुठे आपल्या दोघींचा विश्वास बसला.

ह्यांच्या ऑफिसातला कोणीतरी अमेरिकेहून खास बिनगव्हाच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आला होता, तो दिवस मी विसरणार नाही. मी पुड्यावरचं बारीक इंग्रजी चष्मा लावून वाचत होते. तुम्ही पुडा माझ्या हातातून काढून घेतलात, एक बिस्किट मोडून तोंडात टाकलंत आणि ओट्यावर टेकून बसलात. "आता थांब जरा. मला काय झालं तर पोरीला देऊ नगं. म्हातारी मेली तर काय बिगडत न्हाई." गव्हाने तुम्हाला काही होणार नव्हतं आक्का, ते बिस्किट तुम्ही चाखून काहीच सिद्ध होत नव्हतं, हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही तरी तशाच बसून राहिलात. संध्याकाळी म्हणालात, "दे. पुठ्ठ्यावानी लागतंय, पर दे."

आणि आता त्या अर्धवट भांडणाकडे येते.

ऋतूने लग्नाकार्यात जाणं सोडलं होतं. पंगतीत लापशी आली, पुरी आली की वाढणारा आग्रह करतो, शेजारची बाई वळून विचारते, मग तिच्या शेजारची. तुम्ही तिला नेरे गावातल्या एका लग्नाला ओढून नेलंत. मी समोरच्या पंगतीत होते. ऋतू आपला डबा उघडून बसली होती आणि तिच्या शेजारी तुम्ही, पानावर नुसता वरणभात आणि भाजी. वाढप्या लापशी घेऊन आला. तुम्ही पानावर हात आडवा धरलात. "तिचं देवाचं हाय, आन माजं दातांचं. चल फुडं."

दातांचं? मी घास हातात धरून तुमच्याकडे बघत राहिले. रोज टणक रोठा सुपारी चावणारे दात! लापशीला दात लागतात कशाला? मला वाटलं, तुम्ही नाटक करताय. पोरीची कीव करून दाखवताय चारचौघांत. मी मुद्दाम आणखी एक पुरी मागून घेतली.

परतताना जांब्याच्या रस्त्यावर ऋतू पुढे चालत होती आणि तुम्ही मला धरलंत.

"तिच्या म्होरं बसून पुरी खातीस? घास उतरतोय कसा तुजा?"

"घरात गहू आणत नाही मी. पण बाहेरचं जग तिच्यासमोर खाणारच आहे, आक्का. तिला सवय व्हायला पाहिजे. प्रत्येक पंगतीत कोणी तिच्यासाठी उपाशी बसणार आहे का?"

"जग खाईल गं. जगाला काय तिचं? पर तू जग हायस व्हय?"

मी तोंड उघडलं होतं उत्तर द्यायला. तेवढ्यात मागून कंपनीची गाडी हॉर्न बडवत आली, आपण दोघी चिखलात कडेला झालो, तुमची चप्पल रुतली, ती काढण्यात विषय राहिला तो राहिलाच. पुढे प्रत्येक लग्नात, बारशात तुम्ही ऋतूच्या शेजारी बसायचात, तुमचे दात दुखायचे, आणि मी समोर बसून जग असल्यासारखी जेवायचे. माझं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. ऋतू घट्ट झाली ती त्यामुळेच. आता तर कॉलेजात जाते, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, कँटीनमध्ये पोरींच्या घोळक्यात स्वतःचा डबा काढून बसते.

दहाव्याला नदीवर तुमच्या बबनने पानावर दहीभात ठेवला, भजं ठेवलं आणि मग रुमालातून पुरणपोळी काढली. "आईला लई आवडायची," असं म्हणून तो ती पानावर ठेवणार, इतक्यात बायकांच्या घोळक्यातून आमची ऋतू पुढे झाली.

"बबनकाका, ती नका ठेवू. आक्कांनी गहू सोडला होता."

सगळे वळले. बबन म्हणाला, "कवा? कुठल्या देवाला?"

"देवाला नाही," ऋतू म्हणाली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "त्या होळीपासून."

सुरेखाने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आन मला दात दात म्हनायच्या. मी भाकरी कुस्करून द्यायची आत्यांना!" बबनने पोळी पुन्हा रुमालात गुंडाळली आणि ऋतूच्या डब्यातली तांदळाची भाकरी पानावर ठेवली. कावळा लगेच आला. कुणाला ताटकळत ठेवायचा तुमचा स्वभावच नव्हता.

वाटेत मी ऋतूला थांबवलं आणि तिने सगळं सांगितलं. त्या दुपारी ती तुमच्या पडवीत बसून रडली होती. तुम्ही पदराखालून अर्धी पोळी काढून दिलीत, "अर्ध्या पोळीनं काय हुतंय" म्हणालात, साबण लावून तिचे हात धुतलेत. आणि ती बरी झाल्यावर तुम्ही तिला जवळ घेऊन म्हणालात, "माज्या हातनं झालं हे. आता तुज्या ताटात जे न्हाई ते माज्या बी ताटात न्हाई. आईला सांगू नगंस. ती लई संशयी हाय, तिचा इश्वास बसायचा न्हाई."

आक्का, तुम्हीच दिली होती! माझा संशय खरा होता! भर रस्त्यात मी ओरडणार होते, बघ, मी म्हणत होते की नाही. तोंडातून शब्द निघायच्या आधी मी तिथेच रस्त्याकडेच्या पाइपांच्या ढिगावर बसले. हमसून हमसून रडले, माणसांनी भरलेल्या गाड्या समोरून जात असताना. ऋतू माझी पाठ थोपटत उभी होती. ज्या पोळीसाठी मी तुम्हाला इतकी वर्षं गुन्हेगार धरलं तीच तुमची शेवटची पोळी ठरली होती. एवढी मी सगळ्यांवर नजर ठेवणारी, आणि समोरच्या पंगतीत बसून मला हे दिसलं नाही. वाईटाचाच संशय घ्यायची सवय असली की असं होतं बहुतेक. मला तुमचा राग आला, आजही येतो. मला सांगायला काय झालं होतं? नसता बसला विश्वास, पण सांगून तरी बघायचं होतंत. मी तपासून घेतलं असतं.

तर काल तेरावा. अंगणात पंगत बसली. ऋतू डबा घेऊन नेहमीच्या कोपऱ्यात बसली, आणि तिच्या शेजारची जागा सवयीने सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. मी जाऊन तिथे बसले. सुरेखा परातीतून पुरणपोळ्या वाढत येत होती, वर तुपाची धार. मला पुरणपोळी फार आवडते, आक्का, तुम्हाला माहीत आहे. सुरेखा माझ्यापुढे वाकली आणि मी पानावर हात आडवा धरला.

"का वो वैनी?"

"दात दुखतायत."

सुरेखा परात सावरून पुढच्या पानाकडे गेली. ऋतूचा घास मात्र हातातच राहिला. तिने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी वाण्याचा काटा बघते ना, अगदी तसं.

"कुठला दात?" तिने विचारलं.

मी जिभेने एकेक दात चाचपून बघितला. आक्का, तुम्ही कुठला सांगायचात?